दाराकडं तोंड, खिडकीकडं तोंड

मालन सिस्टर वॉर्डात आल्या की कुणाशी बोलायच्या आधी पेशंटच्या पाठीखाली हात घालायच्या. बोटं जुळवून, तळहात वर करून तो गादी आणि पाठ यांच्यामध्ये हळूच सरकवायचा आणि तसाच थोडा वेळ ठेवायचा. तेवढ्यात त्यांना कळायचं की चादर ओली आहे का, घडी पडली आहे का, कातडं गरम लागतंय का. एकदा त्यांच्या हाताला चिंचोका लागला, एकदा केसांची पिन, एकदा अर्धी सुपारी. सुपारी त्यांनी पेशंटच्या थोरल्या भावाच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "खायची तर तोंडात ठेवा. ह्यांच्या माकडहाडाखाली काहून ठेवता?"

आमचं शुश्रूषा केंद्र कळमनुरीहून वारंगा फाट्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर होतं. अठरा खाटा, नऊ-नऊच्या दोन रांगा. नांदेडला ऑपरेशन झालेले, खुब्याचं हाड मोडलेले, लकव्यानं एक अंग गेलेले असे पेशंट आमच्याकडं दोन-तीन महिने राहायचे. त्यांना डॉक्टर कमी आणि सेवा जास्त लागायची. मी तिथं रेकॉर्ड क्लार्क होतो. आमचा तालुका परभणी जिल्ह्यातून निघून नव्या हिंगोली जिल्ह्यात आला, त्याच्या आदल्या साली संस्थेला कुणीतरी सांगितलं की सरकारी मान्यता पाहिजे तर सेवेचा दर्जा तपासणारी एक स्वतंत्र नर्स ठेवा. म्हणून सरकारी दवाखान्यातून लवकर निवृत्ती घेतलेल्या मालन सिस्टरांना वर्षाच्या करारावर घेतलं. ऑर्डरवर हुद्दा होता 'गुणवत्ता तपासणी परिचारिका'. तो आयांच्या तोंडात बसेना. त्यांनी चार दिवसांतच नाव पाडलं, चाचपणी बाई.

सिस्टरांच्या कानावर ते गेलं. त्या मला म्हणाल्या, "बराबर नाव हाये. चाचपूनच कळतं."

त्यांचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढं असेल. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चालताना डावा पाय किंचित ओढायच्या. रबरी चपला घालायच्या, आवाज होऊ नये म्हणून. त्यांच्या घरचं मला फारसं माहीत नाही. कळमनुरीत एक खोली होती, मुलगा नांदेडला होता, एवढंच. डबा दीड वाजता उघडायच्या, भिंतीवरच्या घड्याळाकडं तोंड करून जेवायच्या आणि पावणेदोनला हात धुवायच्या. दोन वाजता आयांची दुपारची पाळी सुरू व्हायची, त्याच्या आत त्यांना वॉर्डात असायचं असे.

माझा त्यांचा संबंध आकड्यांचा. महिन्याकाठी मी एक तक्ता करायचो. किती पेशंट पडले, किती वेळा चुकीचं औषध गेलं, किती जणांना बेडसोर झाले. बेडसोर म्हणजे एकाच अंगावर पडून राहून होणारी जखम. आमच्या कामात त्याहून वाईट गोष्ट नव्हती. आधी कातडं लाल होतं, मग फुटतं, मग हाडापर्यंत जातं. पहिल्या महिन्यात मी तक्ता नेऊन दिला, तो त्यांनी परत केला.

"कदम भाऊ, एकूण किती ते मला नको. कोणती खाट, कोणती बाजू, किती वाजता दिसलं, ते लिहा."

"सिस्टर, तेवढे रकाने नाहीत कागदावर."

"मग आखा की. पट्टी हाये ना तुमच्याकडं?"

मी आखले. मला आकड्यांचा कंटाळा कधीच नव्हता, पण माझे आकडे कोणी वाचेल असं तोवर वाटलं नव्हतं.

त्यांची एक पद्धत विचित्र होती. रिकाम्या खाटेवर त्या स्वतः झोपून पाहायच्या. एकदा नऊ नंबरच्या खाटेवर मला झोपवलं. म्हणाल्या, "उजवा हात आन पाय मेले समजा. हलवायचे न्हाईत. आता पाणी प्या." तांब्या उजवीकडच्या कपाटावर होता. मी डावा हात छातीवरून नेला, मान वाकडी केली, कपाटाच्या कडेपर्यंत बोटं पोचली, तांब्यापर्यंत नाही. आया दारात उभ्या राहून हसत होत्या.

"रजिस्टरात ह्या खाटेला दिवसाला किती पाणी लिहिता?" सिस्टरांनी विचारलं.

"आठ पेले."

"कोण पितं ते?"

त्याच दुपारी पाच पेशंटची कपाटं चांगल्या हाताच्या बाजूला गेली.

पण त्यांची खरी लढाई होती कूस बदलण्याची. ज्याला स्वतः हलता येत नाही त्याला दर दोन तासांनी या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचं, हा नियम. प्रत्येक खाटेला कागद लटकवलेला असायचा आणि वळवल्यावर आयेनं त्यावर खूण करायची. सिस्टर येण्याआधी हे कागद फार सुंदर दिसायचे. सगळ्या खुणा एका रांगेत, एका शाईत. कारण त्या पाळीच्या सुरुवातीलाच एकदम केलेल्या असत.

एका सकाळी त्यांनी चौदा नंबरचा कागद काढला आणि आयांना गोळा केलं. "हा पेशंट काल दुपारी दोन वाजता सुट्टी घेऊन औंढ्याला घरी गेला. कागदावर रात्री दहापर्यंत त्याची कूस बदललेली हाये. तुमी दर दोन घंट्याला औंढ्याला जाऊन आलात काय? एस.टी.नं गेलात का पायी?"

जिची चूक होती तिनं मान खाली घालून सांगितलं, "पायी, बाई."

सगळा वॉर्ड हसला. सिस्टरही हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खाटेला सुतळीनं पेन बांधलं आणि वळवल्याशिवाय खूण दिसली तर ती आया त्या दिवशी घरी. आयांपैकी निम्म्यांना वाचता येत नव्हतं आणि डावी-उजवीचा घोळ सगळ्यांचाच व्हायचा, कारण खाटेच्या पायथ्याशी उभं राहिलं की आपली उजवी ती पेशंटची डावी. म्हणून सिस्टरांनी नवा कागद स्वतः काढला. आमच्या वॉर्डाचं दार पूर्वेला होतं, खिडक्या पश्चिमेला. एका रकान्यात दाराचं चित्र, पुढच्यात खिडकीचं. आत्ता दाराकडं तोंड, दोन तासांनी खिडकीकडं तोंड. इतकं सोपं की कोणी चुकणार नाही. मी त्याच्या शंभर प्रती चक्रमुद्रित केल्या. सिस्टरांना त्या कागदाचा अभिमान होता, हेही सांगायला हवं.

चार महिने बरे गेले. कुठं कातडं लाल झालं तरी ते वेळीच सापडायचं. मग हिवाळ्यात सखाराम मामांना जखम झाली.

सखाराम मामा सिद्धेश्वरकडचे मेंढपाळ. सत्तरीचे, काटक, मेंढरांमागं उतरताना पडून खुबा मोडलेला. त्यांची मुलगी गंगा जवळ राहायची. खाट उत्तरेच्या रांगेत, चार नंबर. जखम उजव्या खुब्यावर. ऑपरेशन डाव्या बाजूचं होतं, म्हणजे आता माणसाला टेकायला एकही अंग राहिलं नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं की ही जखम हाडापर्यंत गेली तर मामा उठणार नाहीत.

दुपारची पाळी पारूबाईची होती. पारूबाई जवळच्या तांड्यावरची. उंच, दणकट, तोंडानं फटकळ. ती पेशंटला वळवायची तेव्हा एकटीच वळवायची आणि वळवताना त्याच्याशी भांडायची. नवऱ्यामागं तिच्या पगारावर घर चालत होतं.

सिस्टरांनी दुसऱ्याच दिवशी तपासलं. पाच वाजता हात घातला, मामा उजव्या कुशीवर. सात वाजता न सांगता परत आल्या, हात घातला, तरी उजव्या कुशीवर. कागदावर मात्र सहाची खूण होती. चार ते आठ, चार तास एकाच जखमेवर. तिसऱ्या दिवशीही तेच. त्यांनी पारूबाईला कार्यालयात बोलावलं. मी तिथंच टेबलावर होतो.

"सहाला वळवलं न्हाईस तू."

"वळवलं."

"माझा हात खोटा बोलतो का?"

"तुमच्या हाताचं मला काय ठावं. म्या बराबर वळवलं. लेकराची आन घेऊन सांगते."

"मग जखम कुठून आली?"

"ते तुमी शोधा," पारूबाई म्हणाली. "शोधायलाच ठिवलंय न्हं तुमाला."

सिस्टरांनी अहवाल दिला. खोट्या खुणेबद्दल संस्थेच्या सचिव साहेबांनी पारूबाईला त्याच दिवशी घरी बसवलं आणि मला सांगितलं की आठ दिवसांनी कमी केल्याचं पत्र तयार ठेवा. मान्यतेची कमिटी पुढच्या बुधवारी येणार होती. त्यांना दाखवायला चूकही होती आणि कारवाईही.

पारूबाईच्या जागी दुसरी आया आली. पहिले चार-पाच दिवस काही झालं नाही. सहाव्या दिवशी सकाळच्या फेरीत सिस्टरांनी सहा नंबरच्या पेशंटखाली हात घातला आणि तो काढून घेतला. उजवा खुबा, लाल.

त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "कदम भाऊ, पारू तर घरी हाये. मग हे कुणी केलं? तुमचे कागद काढा."

मी सहा महिन्यांचे तक्ते पसरले. खाट आणि बाजू लिहायला त्यांनीच लावलेलं होतं, म्हणून दिसलं. बेडसोर सात. त्यातले सहा उत्तरेच्या रांगेत. त्या सहातले पाच उजव्या खुब्यावर. सातवा टाचेचा होता, तो वेगळाच. पाळ्या तीन वेगवेगळ्या आयांच्या.

सिस्टरांनी तिन्ही आयांच्या नावांवर एकेक करून बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "तीन बाया एकाच रांगेत, एकाच बाजूला, एकच आळस करतील का?"

त्या दिवशी दुपारी त्यांनी मामांच्या खाटेशी स्टूल घेतलं आणि हलल्या नाहीत. मला मुद्दाम कागद घेऊन बसवलं. दोनला नव्या आयेनं मामांना दाराकडं वळवलं, खूण केली. चारला खिडकीकडं वळवलं, खूण केली. सिस्टर प्रत्येक वेळी हात घालून पाहत होत्या. सगळं ठीक. ऊन उतरलं. दिवे लागायच्या आत गंगा उठली.

"सिस्टर, जरा सरका. बाबाला फिरवायचंय."

"अजून सहा व्हायचे हायेत."

"कुशीचं न्हाई. डोकं फिरवायचं."

उत्तरेच्या रांगेत खाटांची डोकी उत्तरेच्या भिंतीला होती, कारण कपाटं आणि सलाईनचे हूक तिथं. म्हणजे पाय दक्षिणेला; समोरच्या रांगेचं उलट. दक्षिण ही यमाची दिशा, तिकडं पाय करून मेलेल्या माणसाला ठेवतात. दिवसा चालतं, रात्र तशी काढत नाहीत. म्हणून दिवेलागणीला गंगानं आणि शेजारच्या पेशंटच्या भावानं मामांना उताणं केलं आणि चादर चार टोकांना धरून अलगद फिरवलं. उशी पायथ्याला आणली. आता डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला. रांगेत इतर खाटांवरही तेच चाललं होतं. मी रोज सहाच्या सुमाराला घरी जाण्याआधी आणि सणासुदीला उशिरापर्यंत थांबलो तेव्हा हे शंभरदा पाहिलं असेल. सिस्टरांनीही पाहिलं होतं. त्या दोन संध्याकाळी सातला आल्या तेव्हा मामांचं डोकं दुसऱ्या टोकाला होतंच. त्यात पाहण्यासारखं काही आहे असं आम्हा कुणालाच वाटलं नव्हतं.

सहा वाजले. नवी आया आली, कागद पाहिला. दाराचं चित्र. तिनं मामांचं तोंड दाराकडं केलं, नीट, उशी लावून, आणि खूण केली. सिस्टरांनी खाली हात घातला.

उजवा खुबा.

चारला डोकं उत्तरेला होतं, तेव्हा खिडकीकडं तोंड म्हणजे उजवी कूस. आता डोकं दक्षिणेला, तर दाराकडं तोंड म्हणजेही उजवी कूस. आयेनं सांगितलेलं सगळं केलं होतं. सकाळी अंग पुसून, उठवून बसवून मग डोकं परत फिरवायचे, त्यामुळं तिकडं हा घोटाळा व्हायचा नाही. फक्त संध्याकाळी चार ते आठ.

सिस्टरांनी आधी मामांना उशीचा टेकू देऊन डाव्या कुशीवर वळवलं. मग गंगाला विचारलं, "हे रोज करता?"

"रोज. असं पाय करून कोण झोपतं? पारूमावशी असली की तीच फिरवायला मदत करती."

"तिनं मला काहून सांगितलं न्हाई?"

गंगाला प्रश्न कळला नाही. "त्यात सांगायचं काय, सिस्टर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला तांड्यावर नेलं. पारूबाई अंगणात तुरीच्या शेंगा झोडपत होती. तिनं आमच्याकडं पाहिलं आणि काम थांबवलं नाही. बसा म्हणाली नाही. सिस्टरांनी अंगणातल्या बाजेवर मला झोपवलं, ओसरीला दार ठरवलं, बाभळीला खिडकी, आणि मला एकदा या डोक्यानं, एकदा त्या डोक्यानं वळवून दाखवलं. मला नीट कळायच्या आधी पारूबाईला कळलं. तिनं हातातला दांडा खाली ठेवला.

"म्हंजी म्या बराबर व्हते."

"बराबर होतीस."

"आन तुमी?"

"मी चुकले. चित्रं माझी."

पारूबाईनं पदरानं हात पुसले. मग म्हणाली, "सात दिस झाले. पाण्याला गेले की बाया इचारतात, तुज्या हातानं म्हातारं मेलं का म्हणून."

सिस्टरांनी माफी मागितली नाही, निदान त्या शब्दात नाही. त्या म्हणाल्या, "ह्याची भरपाई मला करता येत न्हाई. तुझं नाव कागदावरून निघंल, तेवढं मी करते."

पारूबाईनं आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. मला दिलं, मग त्यांना.

त्याच दुपारी सिस्टरांनी अहवाल बदलून दिला. चूक या रकान्यात लिहिलं, कूस बदलण्याचा तक्ता. जबाबदार या रकान्यात स्वतःचं नाव. सचिव साहेबांनी तो दोनदा वाचला. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या डोक्यात मान्यता होती.

"सिस्टर, बुधवारी कमिटी येऊन राहिली. एका आयेचा निष्काळजीपणा लिहिला तर तो एका खाटेवर राहतो. तक्ता चुकला लिहिलं तर अठरा खाटांवर पसरतो."

"अठरा न्हाई. उत्तरेच्या नऊ."

"तिला आपण सहा महिन्यांनी परत घेऊ ना. आत्ता जुना अहवाल राहू द्या."

"जुन्यावर माझी सही हाये. ती मी आज काढून घेते. सही नसली तर कमिटीला दाखवता येत न्हाई. कदम भाऊंना विचारा."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "नियमानं नाही दाखवता येत." त्या प्रकरणात माझं बोलणं एवढंच.

"तुमचा करार चैतात संपतो, सिस्टर," साहेब शांतपणे म्हणाले.

"व्हय. तोवर पारूला दुपारची पाळी द्या. आजपासून."

पारूबाई दुसऱ्या दिवशी दोनला हजर झाली. बुधवारी कमिटी आली. त्यांच्यातल्या एका बाईंनी ते पान सगळ्यात जास्त वेळ वाचलं आणि मान्यता पुढं ढकलली, सुधारणा पाहून देऊ म्हणाल्या. ती पुढं मिळाली, पण वर्षानं.

दरम्यान मी सुचवलं होतं की नातेवाइकांना डोकं फिरवायची मनाई करू. सिस्टर म्हणाल्या, "त्यांच्या बापाचे पाय कुठं करायचे ते मी कोण सांगणार? तक्ता बदला." नव्या कागदावर दार नव्हतं, खिडकी नव्हती. पेशंटच्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधायचा, आणि चित्रात एकदा लाल हात खाली, एकदा वर. माणूस कसाही फिरवला तरी दोरा त्याच्याबरोबर फिरतो. हा दोरा पारूबाईनं सुचवला. तसं सिस्टरांनी कागदाच्या तळाशी लिहायला लावलं, 'सूचना : पारूबाई'.

मामांची जखम त्या स्वतः धुवायच्या. जुन्या एक्स-रेची फिल्म साफ करून जखमेवर धरायची, पेनानं कड काढायची आणि मला चौकटीच्या कागदावर घरं मोजायला द्यायची. पहिल्या आठवड्यात एकतीस घरं. मग सव्वीस. एकदा मध्येच अठ्ठावीस झाली, तेव्हा त्यांनी मला पुन्हा मोजायला लावलं. फाल्गुनात मी शून्य लिहिलं. मामा काठी घेऊन जीपपर्यंत चालत गेले, सहा पावलांना एकदा थांबत.

चैतात करार वाढला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी सकाळी मला एकेक रजिस्टर मोजून दिलं आणि पोच घेतली. बाराला काम संपलं होतं, पण त्या थांबल्या. दीडला डबा खाल्ला. दोनला पारूबाईची पाळी सुरू झाली, तेव्हा पिशवी खांद्याला लावून वॉर्डाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

पारूबाई तीन नंबरला एका लकव्याच्या म्हाताऱ्याला वळवत होती. "अंग सैल सोड बाप्या, काय पळून चाललास का," असं त्याच्याशी भांडत. उशी लावली, खूण केली, आणि दाराकडं पाहून म्हणाली, "या की बाई. घाला हात. बघा."

सिस्टर उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. "आज माझी ड्युटी संपली," त्या म्हणाल्या.

"मग उभ्या काहून?"

त्यांनी पदर खोचला आणि पायऱ्या उतरल्या. मी कार्यालयाच्या खिडकीतून पाहिलं. रस्त्यापलीकडं त्या वीसेक मिनिटं एस.टी.ची वाट पाहत उन्हात उभ्या होत्या, आमच्या इमारतीकडं पाठ करून. गाडी आली. त्यांनी आधी पिशवी आत ठेवली, मग डावा पाय ओढत स्वतः चढल्या. वॉर्डात पारूबाई चार नंबरला पोचली होती.